शिट्टीनंतरचे ऐंशी यार्ड

थांबा, आधी हे सांगू द्या. चहा उकळून शेगडीवर सांडलाय, ड्रायर मघापासून बीप करतोय, उद्याचं प्रेझेंटेशन अर्धं पडलंय, पण हे आत्ताच्या आत्ता टाइप केलं नाही ना, तर मला दुसरं काही सुचणारच नाही. तासाभरापूर्वी टीव्हीवर अमेरिकन फुटबॉलच्या मॅचमध्ये एक एक्स्ट्रा पॉइंट ब्लॉक झाला. ब्लॉक करणाऱ्या टीममधल्याच एकाने बॉल उचलला आणि जो सुटला तो थेट दुसऱ्या टोकाला. दोन पॉइंट. तो अजून पळत होता तेवढ्यात माझा फोन वाजला. आमच्या घरच्या ग्रुपवर बाबांचा मेसेज. एकच शब्द.

"दोन."

त्यानंतर ग्रुपवर जे झालं ते मी शेवटी सांगते, कारण ते आधी सांगितलं तर तुम्हाला काहीच कळणार नाही. त्यासाठी सहा वर्षं मागे जावं लागेल. मिशिगनमधल्या ट्रॉयला, आमच्या पहिल्यावहिल्या फॉलमध्ये, म्हणजे पानगळीत.

नाशिकला होतो तेव्हा ऋतू बाजारात कळायचा. हरभऱ्याच्या ओल्या जुड्या आल्या की थंडी पडली, द्राक्षं स्वस्त झाली की थंडी निघाली. ट्रॉयला ऋतू आधी कानाला कळतो. शनिवारी सकाळी शेजारच्या घरी पानं उडवायचा लीफ ब्लोअर सुरू होतो, एखाद्या राक्षसाने अंगणात मिक्सर लावल्यासारखा, आणि मग सगळी गल्लीच चटणी वाटायला बसल्यासारखी गरगरत राहते. नंतर नाकाला कळतो. ओल्या पानांचा तो वास, थोडासा गाळणीतल्या चहाच्या चोथ्यासारखा. आणि सगळ्यात शेवटी डोळ्यांना. लाल, केशरी वगैरे ते फोटोतलं ठीक आहे, पण मला आठवतो तो पार्किंगमधल्या गाड्यांच्या काचांवर चिकटलेल्या पानांचा पिवळा. वायपर लावला की पान अर्धवर्तुळात फिरायचं आणि परत तिथेच येऊन बसायचं.

आज शिकागोत खिडकी उघडली तर तोच चोथ्याचा वास आला. म्हणजे टीव्हीवरचं ते व्हायच्या आधीपासूनच माझं अर्धं मन ट्रॉयला जाऊन बसलेलं होतं.

तर आमचं घर. बाबा नाशिकला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत होते, तिथून ट्रॉयला आले, आणि जूनमध्ये आई, मी आणि माझा भाऊ तन्मय मागोमाग. मी अठरा वर्षांची, तो पंधराचा. मी खूश होते, खोटं कशाला बोलू. तन्मय नव्हता. नाशिकला तो शाळेच्या खो-खोच्या टीममध्ये होता, जिल्ह्याच्या निवडीला जाणार होता, आणि बरोबर त्याच वर्षी आम्ही त्याला उचलून इकडे आणलं. त्याने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. तो नुसता सभ्य झाला. "हो." "नाही." "नको." "जेवलो." ऑगस्टपर्यंत ते चारही शब्द इंग्लिश झाले. बाबांनी काही विचारलं की "आय एम फाइन". आमच्या घरात आम्ही एकमेकांना इतक्या वेळा फाइन आहे म्हणून कधी सांगितलं नव्हतं.

मग एक दिवस जेवताना त्याने सरळ सांगितलं, मला मामाकडे पाठवा, मी नाशिकला राहून दहावी करतो. आईचा हात वाढता वाढता थांबला. बाबा बराच वेळ पानातल्या भाताकडे बघत राहिले आणि म्हणाले, "थँक्सगिव्हिंगपर्यंत थांब. तेव्हाही जायचं असेल, तर मी स्वतः तुला सोडायला येतो."

हा सौदा. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारपर्यंत. बाबा शब्दाचे पक्के, त्यामुळे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं की तन्मय हो म्हणाला तर तो जाणार. आई फ्रिजवरच्या कॅलेंडरकडे पाठ करून उभी राहायला लागली.

आणि मग फुटबॉल आलं. म्हणजे त्यांचं फुटबॉल, हातात धरून पळायचं ते. शाळेच्या पहिल्याच आठवड्यात पीटीच्या तासाला पकडापकडीसारखं काहीतरी चाललं होतं आणि तन्मयने सवयीप्रमाणे सूर मारला. खो-खोमध्ये खांबाजवळ गडी निसटतोय म्हटल्यावर मारतात ना, आडवा, जमिनीला समांतर, तसा. पीटीचे सरच ज्युनियर टीमचे कोच होते. त्यांनी म्हणे त्याला तोच सूर अजून तीनदा मारायला लावला आणि विचारलं, तू हे कुठे शिकलास. तन्मय घरी आला आणि, ते मामाकडे जायचं सोडलं तर, जून महिन्यानंतर पहिल्यांदा न विचारता एक पूर्ण वाक्य बोलला. इंग्लिशमध्ये बोलला, पण बोलला. म्हणाला, आय थिंक दे वॉन्ट मी.

आता माझे बाबा. माझ्या बाबांना जगातल्या कुठल्याही गोष्टीजवळ जायचा एकच रस्ता माहीत आहे, तो म्हणजे अभ्यास. आईशी लग्न ठरलं तेव्हा त्यांनी म्हणे चार प्रकारच्या आमट्यांची कृती लिहून काढली होती. तर त्याच रात्री जेवणं झाल्यावर ते माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "ह्या खेळाचं नियमांचं पुस्तक असेल ना गं? शोधून दे की." मी मैत्रिणीशी चॅट करत होते. सर्च केलं, जे पहिलं आलं त्यावर क्लिक केलं, फाइल त्यांना पाठवली आणि परत चॅटमध्ये घुसले. एवढंच. दहा सेकंद.

हे दहा सेकंद लक्षात ठेवा.

बाबांनी लायब्ररीत जाऊन त्याची प्रिंट काढली, स्पायरल बाइंडिंग करून घेतलं, आणि नाशिकहून आणलेल्या एका लांब वहीत नोट्स काढायला बसले. निळ्या पेनाने नियम, लाल पेनाने अपवाद, पट्टीने अधोरेखित. मागच्या पानांवर संभाव्य प्रश्न. मी बारावीला असताना माझ्यासाठी त्यांनी जशी वही केली होती डिट्टो तशीच. रोज संध्याकाळी ऑफिसचा बॅज गळ्यात तसाच ठेवून ते डायनिंग टेबलवर बसायचे आणि पुटपुटायचे. आई कणीक मळता मळता मला खुणावायची, बघ, परत इंजिनियरिंगला बसलेत.

मॅचेस गुरुवारी दुपारी साडेचारला असायच्या. ज्युनियर टीमला शुक्रवारची संध्याकाळ आणि मोठे दिवे मिळत नाहीत, ते मोठ्या मुलांचं. त्यामुळे बाबा दर गुरुवारी कॅलेंडरवर तीननंतर "डेंटिस्ट" असं ब्लॉक करायचे. सप्टेंबर संपेपर्यंत त्यांच्या मॅनेजरने इतक्या काळजीने विचारलं म्हणे, तुला एकूण दात किती आहेत. बाबा घरी येऊन हे सांगताना स्वतःच इतके हसले, आणि मी पाहिलं, तन्मय ताटाकडे बघत होता, पण त्याचे कान हसत होते. तुम्हाला माहितेय ना, माणूस हसू दाबतो तेव्हा कान मागे जातात.

आणि मग तो एक्स्ट्रा पॉइंटचा दिवस, म्हणजे टेबलवरचा. ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी बाबांच्याच शब्दांत सांगते, कारण इतकं सोपं मला आजवर कोणीच सांगितलेलं नाही. बॉल घेऊन समोरच्या टोकाला पोचलात की टचडाउन, त्याचे सहा पॉइंट. हे झालं जेवण. जेवणानंतर एक किक मारायला मिळते, दोन खांबांच्या मधून बॉल गेला की एक पॉइंट जास्तीचा. बाबा म्हणाले, ही बडीशेप. इतकी कंटाळवाणी गोष्ट की तेवढ्यात लोक हॉट डॉग आणायला उठतात, कारण बडीशेप कोण चुकवतं. पण समोरचे अकरा जण ती किक अडवू शकतात. बाबांनी टेबलवरची बडीशेपेची वाटी उचलली, तन्मयच्या हातात दिली आणि म्हणाले, आता तू ही मला द्यायला ये. तन्मय नाइलाजाने उठला. त्याने वाटी पुढे केली आणि बाबांनी खालून फटका मारला. सगळ्या टेबलवर बडीशेप. आई म्हणाली, अहो हे काय. बाबांचं लक्ष नव्हतं. ते वाटी घेऊन स्वयंपाकघरातून हॉलमध्ये, हॉलमधून दारापर्यंत पळाले, दाराला हात लावला आणि धापा टाकत म्हणाले, "आणि अडवणाऱ्याने उचलून इथपर्यंत आणलं, तर दोन पॉइंट आपल्याला. पान चौतीस."

तन्मय हसला. चांगला आवाज करून, खोकला येईपर्यंत. आणि मराठीत म्हणाला, "बाबा, तुम्ही दाराला नाही, शू रॅकला हात लावलाय. आउट ऑफ बाउंड्स."

ती बडीशेप पुढे महिनाभर टेबलाच्या फटींतून निघत होती. आई पुसताना थोडी थोडी तिथेच ठेवायची असा मला संशय आहे.

तेव्हाच कधीतरी, सप्टेंबरच्या शेवटी, शाळेच्या साइटवर तन्मयचा फॉर्म भरताना माझ्या नजरेला पडलं की शाळांच्या मॅचेसचे नियम वेगळे असतात. त्यांचं पुस्तकच वेगळं. मी बाबांना दिलं होतं ते टीव्हीवर खेळणाऱ्या प्रोफेशनल लोकांचं. मी हॉलमध्ये गेले, सांगायलाच गेले होते, खरंच. बाबा चौऱ्याऐंशीव्या पानावर पट्टी धरून रेघ मारत होते आणि तन्मय शेजारी बसून त्यांना एक उच्चार सुधारून देत होता. दोघांची डोकी जवळजवळ. मी म्हटलं, असेल किती फरक, बॉल तोच, मैदान तेच. आणि परत खोलीत आले.

आमच्यासारख्या घरांत ह्याहून मोठा गुन्हा नाही हो. सिलॅबस चुकणं. मार्क कमी पडले चालतील, आजारी पडलात चालेल, पण वर्षभर अभ्यास करून पेपरला बसल्यावर कळावं की पुस्तकच दुसऱ्या बोर्डाचं होतं, ह्याचं स्वप्न पडून आम्ही अजून दचकून उठतो. आणि मी ते माझ्या बाबांच्या बाबतीत होऊ दिलं, उघड्या डोळ्यांनी.

बाकी त्या दिवसांतलं काय काय आठवतं सांगू? तन्मयचं माउथगार्ड गरम पाण्यात उकळून दातांनी चावून बसवायचं असतं. आईने ते दुधाच्या पातेल्यात उकळलं आणि पुढचे दोन दिवस चहाला रबराचा वास. अ‍ॅल्युमिनियमच्या त्या पायऱ्या, ज्यांच्यावर बसलं की थंडी जीन्समधून वर चढते. त्यावर उपाय म्हणून आईने घरून आणलेली गोधडी चार घड्या करून अंथरायची, आणि बाजूच्या गोऱ्या आया तिच्यावरून हात फिरवून जायच्या. समोरच्या घरातले डॉक्टर काका, म्हणजे चाळीस वर्षं मिशिगनमध्ये काढलेले, रिटायर झालेले, दर गुरुवारी आमच्याबरोबर यायचे आणि चिवड्यातले शेंगदाणे वेचून खायचे. मॅच संपली की आम्ही सायडर मिलला, म्हणजे सफरचंदांचा रस काढून विकतात तिथे, थांबायचो, गरम डोनट घ्यायचो, कागदी पिशवीला तेलाचे पारदर्शक डाग पडायचे आणि गाडीत दालचिनीचा वास भरायचा. मॅचमध्ये तन्मय फारसा नसायचाच. तो बेंचवर हेल्मेट मांडीवर घेऊन बसायचा. बाबा तरी वही उघडून बसायचे.

मग दसरा आला. आईने पाटावर स्वस्तिक काढलं, माझा लॅपटॉप ठेवला, बाबांचा व्हर्नियर ठेवला, गाडीची किल्ली. आणि मग काही न बोलता तन्मयच्या खोलीतून हेल्मेट आणून मध्यभागी ठेवलं. तन्मय दारातून बघत होता. तो आत गेला, डायनिंग टेबलवरून बाबांची वही घेऊन आला आणि हेल्मेटच्या शेजारी ठेवली. हळद-कुंकू दोघांनाही. इथे झेंडू पॉटमध्ये मिळतो, त्याची दोन फुलं हेल्मेटच्या जाळीत अडकवली. दुसऱ्या दिवशी हेल्मेटवर हळदीचं बोट तसंच राहिलं. टीममधल्या पोरांनी विचारलं हे काय, तन्मयने काय सांगितलं देव जाणे, पण पुढच्या प्रॅक्टिसला तिघांनी आपापली हेल्मेट पुढे केली म्हणे, आम्हाला पण लाव.

मला तो पाट दिसतो अजून. चुकीचं पुस्तक, त्याची पूजा झालेली, आणि मला एकटीला ते माहीत.

त्याच आठवड्यातली गुरुवारची मॅच. किक अडवायला जो मुलगा बाहेरच्या कडेला उभा राहायचा त्याचा घोटा मुरगळला होता, त्यामुळे आदल्या दिवशी कोचनी तन्मयला सांगितलं, तू उभा राहा, आणि तो तुझा सूर मार. एवढंच सांगितलं. ऊन तिरकं पडलं होतं, चौथा क्वार्टर, शेवटची तीन मिनिटं. आम्ही चौदा, ते सात. आणि त्यांनी टचडाउन केलं. चौदा-तेरा. आता बडीशेप. ती मिळाली की चौदा-चौदा.

लोक खरंच हॉट डॉग आणायला उठले. तन्मय मैदानात गेला. लांबून त्याला ओळखायची खूण म्हणजे हेल्मेटवरचा पिवळा ठिपका.

बॉल मागे आला, एका मुलाने तो जमिनीवर धरला, दुसरा किक मारायला धावला, आणि कडेने दोन पावलं टाकून माझ्या भावाने सूर मारला. नाशिकच्या शाळेच्या मातीच्या मैदानावरचा सूर, मिशिगनच्या गवतावर. आवाज आला, थप्, कणकेच्या गोळ्यावर हात पडावा तसा. बॉल वर उडाला, वाकडातिकडा खाली आला, टप्पे खात निघाला. तन्मय कोपरांवर उठला, बॉल उचलला आणि सुटला.

शिट्टी वाजली. मी ऐकली. शेजारून डॉक्टर काका म्हणाले, "अगं, बॉल डेड झाला. शाळेच्या मॅचला ते दोन नसतात. किक फसली की तिथेच संपलं, माझा पोरगा चार वर्षं खेळलाय. बाबांना सांग." मी बाबांकडे वळले आणि बाबा तिथे नव्हतेच. ते पायऱ्या उतरून खाली कुंपणापाशी पोचले होते आणि जाळीच्या ह्या बाजूने पळत होते. ऑफिसचे बूट, गळ्यात उडणारा बॅज, एका हातात वही, दुसऱ्या हाताची दोन बोटं वर. आणि ओरडत होते, दोन, तन्मय, दोन!

मैदानात कुणीच पळत नव्हतं. बाकीची एकवीस पोरं होती तिथे उभी, कमरेवर हात ठेवून बघत होती. एक मुलगा लख्ख उन्हात ऐंशी यार्ड एकटा पळतोय, आणि कुंपणापलीकडे एक टक्कल पडलेला माणूस त्याच्या बरोबरीने पळतोय. मग कुणीतरी हसलं, आणि मग सगळेच हसले. कुजकं नव्हतं ते, खरं सांगायचं तर दृश्य होतंच तसं. पण मी गोधडी तोंडावर धरली. आई एकटी टाळ्या वाजवत होती, तिला वाटलं हे सगळं कौतुकच आहे.

तन्मयने शेवटच्या रेषेपलीकडे बॉल ठेवला. एक रेफरी चालत चालत त्याच्याकडे गेला, त्याच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी बोलला, बॉल घेतला. स्कोअरबोर्डवर तेच, चौदा-तेरा. बाबा कुंपणाला धरून उभे होते. त्यांनी बोर्डाकडे पाहिलं, वही उघडली, चौतिसावं पान काढलं, परत बोर्डाकडे पाहिलं. मला वाटतं तेव्हा त्यांना कळलं.

आम्ही ती मॅच चौदा-तेरानेच जिंकलो. म्हणजे त्या सुरानेच जिंकलो. कोच त्याला म्हणे म्हणालेही की तू मॅच वाचवलीस, आणि मग घरी पळत निघालास. पण तन्मय गाडीत येऊन बसला तो हेल्मेट घालूनच. सीटबेल्ट लावला, हेल्मेट तसंच. हेल्मेटच्या आत माणूस काय करतोय ते आरशात दिसत नाही, बाबांनी दोनदा बघितलं तरी. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ते म्हणाले, "तन्मय, मी पुस्तकच चुकीचं वाचलं रे. तुमचं वेगळं असतं. माझ्यामुळे हसले तुला."

मी बाजूलाच बसले होते. तोंड उघडायचं होतं, पुस्तक मी दिलं म्हणायचं होतं. नाही उघडलं. सिग्नल हिरवा झाला.

जाळीतून आवाज आला, "इट्स ओके, बाबा." इंग्लिशमध्ये. आईने पटकन खिडकीबाहेर बघितलं, आणि मला कळलं ती काय मोजतेय. थँक्सगिव्हिंगला पाच आठवडे होते.

सवयीने गाडी सायडर मिलला वळली. मी डोनट आणले. तन्मयने हेल्मेट काढलं नाही. आईने एक डोनट मोडला, तुकडा केला आणि जाळीच्या फटीतून आत सरकवला, लहानपणी खिडकीच्या गजांतून चिमण्यांना पोळी द्यायची तसा. दुसरा तुकडा. तिसरा अडकला. साखर सगळी त्याच्या नाकावर. आतून फुर्र असा आवाज आला, तो हसत होता की शिंकत होता देव जाणे, पण मग त्याने हेल्मेट काढलं. डोळे लाल होते. म्हणाला, अजून एक दे, पूर्ण दे.

घरी आल्यावर तो हातपाय न धुता टेबलवर बसला, वही ओढली, बाबांचं लाल पेन घेतलं. चौतिसाव्या पानावर निळ्या नियमाच्या खाली त्याने मराठीत लिहिलं, "शाळेत: ब्लॉक झाला की बॉल डेड. पळू नये." आणि वही बाबांकडे सरकवून विचारलं, "पुढच्या पानावर काय आहे?" बाबांनी चष्मा लावला.

थँक्सगिव्हिंगला मामाचा फोन आला. शाळेत चौकशी करू का, विचारत होता. फोन स्पीकरवर होता. आईने ओट्याला घट्ट धरलं होतं. तन्मय म्हणाला, "मामा, पुढच्या सीझनला मी स्टार्टर आहे, पहिल्या अकरांत. तूच ये ना बघायला." आणि परत भाज्या चिरायला लागला. बाबा त्या दिवशी दोनदा अंगणात जाऊन पानं गोळा करून आले. पानं संपली होती तरी.

तर आता आज. टीव्हीवर ते दोन पॉइंट, बाबांचा तो मेसेज, आणि बाहेरून तो चोथ्याचा वास. तन्मय आता कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे, तो डॉर्मवर, आई-बाबा ट्रॉयला, मी इथे. मला काय झालं माहीत नाही, मी सरळ ग्रुपवर टाइप केलं. बाबा, ते पुस्तक मी दिलं होतं. आणि चुकीचं आहे हे मला मॅचच्या आधीच कळलं होतं. मी बोलले नाही. सहा वर्षं नाही बोलले. सॉरी. आणि सेंड करून फोन उशीखाली ठेवला. चहा तेव्हाच सांडला.

बाबांचं उत्तर आलं, "पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं बाळा. वाचणारा मी होतो." आईने विचारलं, जेवलीस का. आणि तन्मयच्या नावाखाली ते टायपिंगचे ठिपके आले, गेले, परत आले.

"ताई, मला शिट्टी ऐकू आली होती."

मी उठूनच बसले. मी लिहिलं, काय? कधी?

"मध्यावर. पन्नासच्या रेषेवर. मागे कुणाचे पाय वाजत नव्हते तेव्हाच कळलं होतं काहीतरी चुकलंय. मग शिट्टी."

मग थांबला का नाहीस, मी विचारलं. ठिपके आले. गेले. टीव्हीवर जाहिरात सुरू होती. ठिपके परत आले.

"बाबा कुंपणापलीकडून पळत होते. मी थांबलो असतो तर ते एकटेच पळत राहिले असते."

दहा मिनिटं गेली. मग आईचा मेसेज आला, बाबा चष्मा पुसतायत, नंतर लिहितील.

अजून लिहिलेलं नाही त्यांनी. ड्रायर अजून बीप करतोय, चहा शेगडीवर तसाच वाळतोय, आणि मी हे सगळं एका दमात तुमच्यासाठी टाइप केलं. कारण मला खरंच विचारायचंय. तुमच्या घरी आहे का कुणी, तुमच्यासाठी चुकीचं पुस्तक पाठ करणारं? आणि संपल्याची शिट्टी ऐकूनही, केवळ ते माणूस पलीकडून पळतंय म्हणून, तुम्ही कधी पळत राहिलायत का?